खेळ मांडायला जागा हवी

‘घालीन लोटांगण’ सुरू झालं तेव्हा लक्षात आलं की टाळ कमी पडताहेत. दरवर्षी टाळ कुटणारी चार पोरं मांडवात नव्हतीच. तारीख ४ सप्टेंबर २०२५, गणपतीचा नववा दिवस, आरतीची वेळ साडेसात. आरती आटोपल्यावर चौघं सापडली मांडवाच्या मागे, जनरेटरपाशी, मोबाइलांत डोकी खुपसून. त्यात माझा भाचाही होता. ‘होलो नाइट’ या गेमचा पुढचा अवतार, ‘सिल्कसाँग’, आपल्या घड्याळाप्रमाणे नेमका साडेसातला विक्रीला येणार होता. त्याची घोषणा झाली होती फेब्रुवारी २०१९मध्ये. म्हणजे ही पोरं शाळेत होती तेव्हापासून वाट बघत होती. बनवणारी मंडळी किती, तर ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची मूठभर माणसं. आणि जगभरची गर्दी एकाच मिनिटाला दारात आल्यामुळे स्टीमपासून निन्टेन्डोपर्यंत भल्याभल्या ऑनलाइन दुकानांनी मान टाकली होती.

सोसायटीतले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “बाप्पापुढे उभं राहायला पाच मिनिटं नाहीत, आणि गेमसाठी रांगा!”

भाचा म्हणाला, “काका, रांगेतच आहोत. दर्शन होत नाहीये.”

हशा झाला, प्रसाद वाटला गेला, विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र तो राहिला. कारण हेच काका दर गणपतीत आम्हाला एक हकिगत ऐकवतात. ठाण्याचं गडकरी रंगायतन नाट्यगृह नवं होतं, म्हणजे १९७८नंतरची पाच-सहा वर्षं, तेव्हा आवडत्या नटाच्या नाटकाचं तिकीट मिळावं म्हणून ते पहाटे पाचला तलावपाळीवर येऊन उभे राहायचे. मफलर, कटिंग चहा, पुढच्या माणसाशी झालेली दोस्ती, खिडकी उघडल्यावरची ढकलाढकली, सगळं रंगवून सांगतात. आम्हीही ते कौतुकाने ऐकतो. एकदा नाटकापायी सख्ख्या मावसभावाच्या हळदीला ते गेले नव्हते, हेही त्यांनीच सांगितलेलं आहे.

वेडाचे असे दोन भाव आपल्याकडे चालतात. ‘नाट्यवेडा’ म्हटलं की शाल-श्रीफळ डोळ्यांपुढे येतं. ‘गेमवेडा’ म्हटलं की आईबाप समुपदेशकाचा नंबर शोधतात. गाण्याच्या मैफलीत रात्र जागवली तर दर्दी. मालिकेचे आठ भाग एका रात्रीत संपवले तर वाया गेलेला. मी स्वतः अठ्ठेचाळीस वर्षांचा, घणसोलीच्या एका कचेरीत हिशेब तपासणारा माणूस, आणि या दुसऱ्या जातीतला. तेव्हा मी काही तटस्थ साक्षीदार नव्हे. पण माझं म्हणणं रडगाण्याचं नाही. नवा गेम, नवी मालिका, ऑनलाइन आलेली नवी शॉर्ट फिल्म यांच्यासाठी पोरं जो जीव टाकतात तो घराघरातला उपद्रव समजून दाबायचा किंवा सोसायचा, एवढेच दोन मार्ग आपण शिल्लक ठेवलेत. तिसरा मार्ग शहराच्या हातात आहे. या उत्साहाला बसायला जागा द्यावी. ठाणे आणि नवी मुंबईच्या महापालिकांनी द्यावी, ग्रंथालयांनी द्यावी, आणि फुकट नको, वाजवी भाड्याने द्यावी.

आपल्या भाषेला हे मुळात कळलेलं आहे. मराठीत क्रिकेट हा खेळ आणि सिनेमाचाही खेळच. टॉकीजच्या पाटीवर ‘रोज तीन खेळ’ असंच लिहिलेलं असायचं. दशावताराचा खेळ, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ. शिमग्यात कोकणात घरोघर फिरतात ते ‘खेळे’. आणि पोटापाण्यासाठी ठाण्यात येऊन राहिलेली रत्नागिरी-संगमेश्वरची माणसं आजही नाट्यगृहाची तारीख मिळवून नमन-खेळ्यांचे प्रयोग लावतात. फुगडी, हमामा, हुतूतू यांच्यावर संतांनी रचना केल्या. बघायचा खेळ आणि खेळायचा खेळ यांच्यात भिंत आपल्या भाषेने कधी घातलीच नव्हती. दुसरा कुणी गेम खेळत असताना पोरं तासन्‌तास नुसती बघत बसतात, याचं वडीलधाऱ्यांना फार नवल वाटतं. चाळीत कॅरमभोवती चौघं खेळायची आणि दहा जण उभे राहून ‘अरे राणी घे, राणी घे’ म्हणून ओरडायचे, ते दहा जण काय करत होते?

आता एक जुनी गोष्ट. जुलै १८९६मध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचे खेळ झाले. एकेक चित्रफीत मिनिटाच्या आतबाहेरची. आज ज्याला आपण ‘शॉर्ट्स’ म्हणून नाकं मुरडतो, त्याच मापाने सिनेमा या देशात आला. या नव्या चमत्काराने झपाटलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे एक. त्यांचा फोटोचा धंदा होता. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये हँगिंग गार्डनला झालेली कुस्ती टिपली. भारतीय माणसाने घेतलेलं पहिलंवहिलं चलच्चित्रण ते हेच, असं मानतात. दिग्दर्शक वगैरे काही नव्हते ते. बघून आलेला आणि स्वस्थ न बसवलेला माणूस, एवढंच.

दादासाहेब फाळक्यांची कथा तर प्रत्येक आईने मुलाला ‘डोळे जातील’ म्हणण्यापूर्वी वाचावी, कारण फाळक्यांचे डोळे खरोखरच गेले होते. १९१०-११च्या सुमारास गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट त्यांनी पाहिला आणि पुढचे कित्येक महिने मुंबईत जो मिळेल तो सिनेमा पाहण्याचा सपाटा लावला. झोप नाही, विश्रांती नाही. अखेर दृष्टीवर परिणाम झाला, काही काळ दिसेनासं झालं, डॉक्टरी उपचारांनी ती परत आली. मग विम्याच्या पॉलिसीवर पैसे उचलून १९१२मध्ये ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले, आणि सर्वांत आधी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला. त्याला अंकुर फुटून वेल होईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण करून एक चिमुकला चित्रपट तयार केला आणि तो दाखवून भांडवल उभं केलं. मग ३ मे १९१३, कॉरोनेशन थिएटर, ‘राजा हरिश्चंद्र’. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या पायाशी काय आहे, तर एका चाहत्याचा अतिरेक आणि एक शॉर्ट फिल्म. डोळे जाईपर्यंत बघावं असा सल्ला मी देत नाही. माझाच चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतोय. सांगायचं ते इतकंच की बघणारा आणि करणारा ही दोन वेगळी माणसं नसतात. बघणाऱ्यातूनच करणारा निपजतो, आणि तो निपजायला आजूबाजूला बघणाऱ्यांचा मेळा लागतो. फाळक्यांच्या काळी तो मेळा तंबूत आणि थिएटरात होता.

नंतर मराठीने असा मेळा मुद्दाम बांधलासुद्धा. एकांकिका स्पर्धा! पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात स्पर्धेच्या दिवशी जो ‘अरे, आव्वाज कुणाचा’चा कल्लोळ होतो, तो ज्याने ऐकलाय त्याला चाहत्यांचा उत्साह म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. तिथे पोरं दुसऱ्या कॉलेजची एकांकिका बघतात, हुर्यो उडवतात, आणि चांगली असेल तर नाइलाजाने गप्प होतात. ते नाइलाजाने गप्प होणं हीच खरी पावती. परीक्षकांचं मत नंतर. मराठी रंगभूमीला, मालिकांना, सिनेमाला गेल्या साठ वर्षांत मिळालेली किती माणसं या आरडाओरड्यातून बाहेर आली, त्याची यादी द्यायची गरज नाही.

आजची एकांकिका म्हणजे शॉर्ट फिल्म. तेच वय, तसाच कॅन्टीनचा उधार चहा, तसंच आईच्या साडीचं नेपथ्य. नागराज मंजुळे यांनी शिकत असताना ‘पिस्तुल्या’ केली, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पण अशी फिल्म आज ठाण्यातल्या पोरांनी केली तर ती कुठे दिसते? माझ्या तळहातावर. ठाण्याहून घणसोलीपर्यंत ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये एक सोळा मिनिटांची फिल्म जेमतेम बसते. ऐरोलीला आयटीवाले उतरतात तेव्हा धक्का लागून कानातलं निसटतं, रबाळ्याला कुणीतरी पायावर पाय देतं. शेवटची दोन मिनिटं मी उतरून फलाटावरच्या बाकावर बसून बघतो. संपल्यावर कुणाला सांगू? अंगठा दाबतो आणि रिक्षाच्या रांगेला लागतो. चांगली होती, पण मधली सहा मिनिटं उगाच होती, असं समोर बसलेल्या दिग्दर्शकाला तोंडावर सांगण्यातलं, आणि त्याने ते ऐकून घेण्यातलं जे काही असतं, ते या सगळ्यात नाही. आणि अशी तोंडावर पडलेली एक शिवी दहा हजार अंगठ्यांपेक्षा उपयोगाची असते.

पुण्यात आरभाटसारखे शॉर्ट फिल्म क्लब आहेत. मुंबईत माहितीपट आणि लघुपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९०पासून दर दोन वर्षांनी भरतो. आमच्या बाजूला खाडीच्या दोन्ही काठांवर लाखो माणसं राहतात. वर्षातून एखादा महोत्सव कुठे तरी होतो, बक्षिसं वाटली जातात, प्रमुख पाहुणे उशिरा येतात. नेमाने दर बुधवारी जाऊन बसावं अशी जागा मात्र मला सापडलेली नाही.

ती शोधायला मी एकदा गेलो होतो. भाच्याच्या मित्रांनी तीन शॉर्ट फिल्म केल्या होत्या आणि एकाने छोटा गेम बनवला होता, लोकलच्या गर्दीत तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळवण्याचा. फार मजेदार होता तो. म्हटलं, एक दुपार एखादं छोटं सभागृह घेऊ. कुठलं ते सांगत नाही. कार्यालयात अर्ज मिळाला. कार्यक्रमाचा प्रकार: नाटक, वाद्यवृंद, शालेय स्नेहसंमेलन, व्याख्यान, मेळावा, लग्नसमारंभ सोडून इतर. मी ‘इतर’वर खूण केली.

“इतर म्हणजे काय?”

“शॉर्ट फिल्म दाखवायच्यात. आणि एक गेम.”

“गेम? पैसे लावून?”

“नाही हो. नुसता खेळायचा.”

“मग त्याला हॉल कशाला?”

माणूस वाईट नव्हता. त्याने दोन-तीन रजिस्टरं चाळली, साहेबांना फोन केला, शेवटी म्हणाला, “व्याख्यान लिहा ना. पडद्यावर चित्रं दाखवून व्याख्यान.” आम्हाला ते बरं वाटेना. शेवटी कार्यक्रम आमच्या इमारतीच्या गच्चीवर झाला. चादर बांधली होती, वाऱ्याने ती फुगायची, आणि नायिकेचा चेहरा दर दोन मिनिटांनी गरोदर व्हायचा. सत्तावीस माणसं आली. चौथ्या सीटच्या गेमवर साठीच्या पुढच्या दोन बायकांनी कब्जा केला आणि सोडेचनात, कारण दोघींची हयात लेडीज डब्यात गेलेली.

त्या माणसाचा एक प्रश्न मला लागला. ‘पैसे लावून?’ पडद्यावरचा खेळ म्हटला की मनात पहिली शंका जुगाराची. ती शंका वेडगळ नाही. रमीच्या आणि सट्ट्याच्या ॲपनी घरं धुळीला मिळवली आहेत. नट आणि क्रिकेटपटू त्यांच्या जाहिराती करत होते आणि खाली बारीक अक्षरांत ‘सवय लागू शकते’ असं लिहिलेलं असायचं. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायच्या व्हिडिओ गेमना, मान्यता दिली. या बंदीबद्दल वाद घालता येईल. पण जुगार आणि खेळ यांच्यात निदान कागदावर रेघ ओढली गेली, हे चांगलं झालं. ती रेघ अजून आपल्या घरांत पोचलेली नाही, कचेऱ्यांत तर नाहीच.

व्यसनाचं काय? आहे ना. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार आपल्या रोगांच्या वर्गीकरणात घेतला आहे, २०२२पासून तो लागूही आहे. पण त्याची व्याख्या वाचावी. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा त्यालाच वरचं स्थान मिळणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर दिसत राहणं. नव्या गेमच्या पहिल्या रात्री जागणारा पोरगा त्यात बसत नाही. काकांची तलावपाळीवरची पहाटही बसली नसती. ज्याला खरोखर त्रास आहे त्याला डॉक्टर हवा, आणि तो वेळेवर हवा. पण मला दिसतं ते असं की पोरगा हाताबाहेर जातो तो बहुधा बंद दाराआड, एकटा. सभागृहाला निदान शेवटची घंटा असते. पाऊण तासाने दिवे लागतात, बाहेर येऊन वडापाव खावा लागतो, शेजारच्याशी भांडावं लागतं. मोबाइल मात्र संपतच नाही. एक भाग संपला की दुसरा आपोआप लागतो. ज्यांना पडद्याची भीती वाटते त्यांनीच खरं तर सामाईक पडद्याची मागणी पहिल्यांदा करायला हवी.

आणखी एक. आज या चाहत्यांच्या सगळ्या जागा परक्यांच्या आहेत. २९ जून २०२० रोजी टिकटॉक बंद झालं. कारणं देशाच्या सुरक्षेची होती, त्यात मी शिरत नाही. पण त्या एका रात्रीत शेतात उभं राहून अभिनय करणाऱ्या, ऊसतोडीच्या फडात विनोद करणाऱ्या कितीतरी मराठी पोरापोरींचे प्रेक्षक पुसले गेले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २ सप्टेंबरला, पबजी हा गेम गेला. उसन्या अंगणात खेळ मांडला की असंच होणार. अंगणवाल्याने सकाळी दार लावलं की आपल्या चपलासुद्धा आत राहतात. वाशीच्या नाट्यगृहाला आपण विष्णुदास भाव्यांचं नाव दिलं. त्यांनी १८४३मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ उभं केलं ते पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने. म्हणजे नवा खेळ उभा राहताना कुणाला तरी जागा आणि शिधा पुरवावाच लागतो. तेव्हा राजा होता, आज महापालिका आहे.

सरकार काहीच करत नाही असंही नाही. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट, गेमिंग, कॉमिक्स या क्षेत्रासाठी धोरण मंजूर केलं. २०५०पर्यंतचा आराखडा, तीन हजार दोनशे अडुसष्ट कोटी रुपये, उद्योगाचा दर्जा. उत्तमच. आमच्या पोरांना नोकऱ्या लागतील. पण त्या सगळ्यात प्रेक्षक कुठे आहे? उद्या नवी मुंबईत एखाद्या काचेच्या इमारतीत बसून आमची पोरं परदेशी कंपनीच्या गेममधल्या भिंतींवरचं शेवाळ रंगवतील. तो गेम कुणाच्या भाषेत असेल?

इथे मला चिनी चाहत्यांची गोष्ट सांगायची आहे. तोच ‘सिल्कसाँग’. बाहेर पडला आणि दोन दिवसांत त्याला चिनी खेळाडूंनी नापसंतीचे शेरे मारून झोडपलं. कारण काय, तर चिनी भाषांतर भिकार आहे, गेममधली माणसं जुन्या नाटकातल्यासारखी अवघडून बोलतात. करणाऱ्यांना जाहीरपणे सांगावं लागलं की भाषांतर सुधारतो. आणि आमचे चाहते? त्या गेममध्ये भारतीय भाषा एकही नाही. कुणाची तक्रार नाही. तक्रार करावी हेच सुचत नाही, कारण गेम इंग्रजीतच असतो हे आम्ही निसर्गनियमासारखं धरून चाललोय. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ठाण्यात ठिकठिकाणी फलक लागले होते. अभिजात भाषेत ‘पुन्हा खेळा’ एवढे दोन शब्द दाखवणारा मोठा गेम आमच्या पोरांनी पाहिलेला नाही. लाखोंनी खेळणारी माणसं आहेत, पण ती एकेकटी आहेत. एकेकट्या माणसाच्या मागणीला आवाज नसतो. पुण्यातल्या मंडळींनी ‘राजी’ नावाचा गेम २०२०मध्ये जगभर विकला. राजस्थानी-पहाडी चित्रशैली, बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली गोष्ट, फार देखणं काम. आमच्या कचेरीत नव्वद टक्के मराठी लोक, त्यातल्या एकाने त्याचं नाव ऐकलेलं होतं, आणि तो एक म्हणजे मी.

आता चाहत्यांच्या पाठीवरही दोन फटके मारायला हवेत, नाहीतर हा लेख वकिली होईल. आम्ही लोक फार लवकर पेटतो. अडीच मिनिटांचा ट्रेलर बघून ‘शतकातली सर्वोत्तम’ म्हणतो, आणि पहिल्या भागाच्या अकराव्या मिनिटाला ‘वाट लावली’ म्हणतो. आवडत्या मालिकेवर कुणी टीका केली तर त्याच्या आईबहिणीपर्यंत जातो. शेवट फोडण्यात आम्हाला पाशवी आनंद होतो. आणि सगळ्यात मोठं पाप म्हणजे आम्ही पैसे देत नाही. मी तरी कुठे देत होतो? दोन वर्षांपूर्वी एक मराठी वेब सिरीज टेलिग्रामवरून उतरवून घेतली आणि रात्रीत संपवली. आवडली. चार दिवसांनी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरची मुलगी भेटली. तिला म्हटलं, अगं अमुक मालिका बघितलीस का, काय सुंदर केलीय. ती म्हणाली, “काका, मी त्यात कपडेपटाला होते. शेवटच्या शेड्युलचे पैसे अजून यायचेत. कुठे बघितलीत तुम्ही?” लिफ्टला आमचा मजला यायला तेव्हा फार वेळ लागला. मी म्हटलं, मित्राकडे.

जुन्या नाट्यवेड्याकडून हे एक शिकावं. तो खिडकीवर पैसे मोजायचा. वेड आणि तिकीट यांची फारकत आमच्या पिढीत झाली, आणि ती होण्याचं एक कारण असं की तिकीट फाडायला खिडकीच उरली नाही. महिन्याचं वर्गणीचं ॲप ही खिडकी नव्हे. तिथे मी कुणाच्या कामाचे पैसे देतोय ते कळत नाही. गच्चीवरच्या कार्यक्रमाला आम्ही मुद्दाम पन्नास रुपये ठेवले होते. सत्तावीस जणांचे तेराशे पन्नास झाले. तीन दिग्दर्शक आणि एक गेमवाला यांना प्रत्येकी तीनशे सदतीस रुपये पन्नास पैसे मिळाले. त्यातल्या एका दिग्दर्शिकेने ते पाकीट अजून उघडलेलं नाही म्हणे.

म्हणून मागणी सांगतो, ती अगदी लहान आहे. नवी इमारत नको, कोनशिला नको. घोडबंदर रस्त्यावरच्या खड्ड्यांचे पैसे इकडे वळवा असं म्हटलं तर मलाच लोक मारतील. मानपाड्याला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात एक छोटं सभागृह आधीच आहे. आठवड्यातली एक आडवाराची दुपार किंवा संध्याकाळ, नाटकवाल्यांना नको असलेली, ठरलेल्या कमी भाड्यात पडद्यावरच्या खेळांना द्यावी. नव्वद मिनिटांत पाच फिल्म बसतात, वर अर्धा तास भांडणाला. वाशीलाही तसंच. नाटकवाल्यांनी चिंता करू नये. त्यांच्या शनिवार-रविवारवर कुणाचा डोळा नाही, आणि आमच्यातलीच काही पोरं उद्या त्यांच्याकडे प्रकाशयोजना करायला येणार आहेत. आणि हो, अर्जात एक रकाना वाढवावा. ‘खेळ’ एवढंच लिहिलं तरी चालेल.

ग्रंथालयांचं जरा अवघड आहे, कारण त्यांच्याकडे पुस्तकांनाच पैसे पुरत नाहीत. तरी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं आहे, आणि ज्या काळात कादंबऱ्या वाचून पोरं बिघडतात असं म्हणत त्या काळापासून ही संस्था कादंबऱ्या घरी नेऊ देत आली आहे. हेलसिंकीच्या ओडी ग्रंथालयात गेम खेळायला वेगळ्या खोल्या आहेत. फिनलंडचं नाव काढलं की आपल्याकडे लोक हात जोडतात, म्हणून त्या खोल्या मी मागत नाही. आपल्या गावातल्या एखाद्या ग्रंथालयाने एक जुना टीव्ही, एक यंत्र आणि निवडलेले दहा गेम रविवारी सकाळी मांडून बघावेत. निवड ग्रंथपालांनी करावी, पोरांशी बोलून. पुस्तकं निवडताना जो विवेक लागतो तोच इथे लागतो.

त्या दहांत पहिला कुठला ठेवाल, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. ‘वेन्बा’ नावाचा २०२३चा गेम. कॅनडात स्थायिक झालेल्या एका तमिळ बाईची गोष्ट, दीड-दोन तासांत संपणारी. तिच्या आईच्या पाककृतींची वही फाटलीय, शाई उडालीय. उरलेल्या खुणांवरून पदार्थ करत जायचं, आणि तिकडे मुलगा हळूहळू तमिळ बोलेनासा होतो. या गेमला पदार्पणासाठीचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. गेल्या दिवाळीत भाच्याने तो आमच्या दिवाणखान्यात लावला आणि यंत्र आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, हातात दिलं. पहिलाच पदार्थ इडली. पात्रात ताटल्या कशा रचायच्या हे कोडं आहे. भाच्याने एकदा रचलं, चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, तिला बटणं कुठली ते कळत नव्हतं, पण तिने पडद्याकडे बघून त्याला झापलं, “अरे भोकांच्या खाली इडली आली की वाफ वर जाईल का? फिरव ती ताटली.” त्याने फिरवली. जमलं.

मग तिने दोन तास कुणाला उठू दिलं नाही. संपल्यावर थोडा वेळ गप्प बसली. मग विचारलं, “यात आळूवडी नाहीये?”

“नाही गं आजी. हा त्यांच्याकडचा आहे.”

“आळूवडीचं तर याहून अवघड असतं. मोठं पान खाली, उलटं. शिरा लाटण्याने मोडून घ्यायच्या. पीठ लावलं की दुसरं पान टोक फिरवून…”

“थांब, थांब,” भाचा म्हणाला आणि वही शोधायला आत पळाला. “पहिल्यापासून सांग. पान उलटं म्हणजे कुठली बाजू वर?”